सर येळवशीला जेवायचे

सरांनी एकदा चालू तालमीत शेळी सोडली. कँटीनच्या मागं कुणाची तरी बांधलेली होती, तिचा दोर सोडून आणली आणि आमच्या मधोमध ढकलून दिली. औशाचा पोरगा तेव्हा एका पायावर तोल धरून उभा होता. शेळीनं त्याच्या पायजम्याची नाडी चघळायला घेतली, त्याला हसू फुटलं आणि पाय टेकला. सर दारात उभे. "औसा, पहिल्यापासून," एवढंच म्हणाले. बिचाऱ्यानं अठरा मिनिटांची रचना पुन्हा पहिल्यापासून धरली. शेळी तिथंच. या खेपेला त्यानं सरळ तिला उचलून पाठीवर घेतलं, कारण त्याच्या रचनेत मोंढ्यातला हमाल होता आणि पाठ तशीही रिकामीच होती. शेळी गुमान पडून राहिली. सरांनी मान हलवली, "मंचावर आलं ते रचनेचं," म्हणाले आणि शेळी परत बांधायला गेले.

हे वाक्य आम्ही दोन वर्षं उठता-बसता ऐकलं. तेव्हा ते लई भारी वाटायचं. आता कुणी माझ्यापुढं तसलं काही बोललं तर माझ्या मस्तकात तिडीक जाते. त्याला कारण आहे आणि ते सांगायलाच मी बसले आहे.

नांदेडला विद्यापीठात मी नृत्याचं एम.ए. केलं. शेवटच्या सत्राला आमच्याकडं प्रबंधाऐवजी रचना असायची. वीसेक मिनिटांचा नाच स्वतः बांधायचा, त्यावर पन्नास पानांचं टिपण लिहायचं आणि एका दिवशी सगळ्यांनी सभागृहात, घरच्या माणसांपुढं आणि बाहेरगावच्या परीक्षकांपुढं तो करून दाखवायचा. कागदावर आमचे मार्गदर्शक दुसरेच होते. सर तासिकेवर होते, तेही एकोणीस वर्षं. सही मार्गदर्शकांची, मेहनत सरांची. याचं त्यांना काही वाटायचं का, ते कधी कळलं नाही. स्वतःबद्दल काही विचारलं की ते "तुझा उजवा खांदा वर का असतो गं?" असलं काहीतरी काढायचे आणि आपण खांद्याच्या काळजीत पडायचो.

मूळचे नायगावकडचे. उंच, सुकलेले, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. नावानं कुणाला हाक मारत नसत. जो ज्या गावचा, ते त्याचं नाव. औसा, देगलूर, मुखेड. माझं गाव शिरूर अनंतपाळच्या पलीकडं, म्हणून मी शिरूर. एकदा एकाच गावच्या दोघी आल्या तर त्यांना वरची आळी आणि खालची आळी केलं.

विभागात एकच मोठा आरसा होता. त्यावर सरांनी जुनी सोलापुरी चादर टाकलेली. "आरशात बघणारा आधी स्वतःला पसंत करतो आन् मग नाचतो," म्हणायचे. चादर सारताना सापडलेल्या मुखेडच्या पोरीला त्यांनी आठवडाभर भिंतीकडं तोंड करून नाचायला लावलं होतं. फरशी पुसायचं काम आमचंच, गुडघ्यावर बसून. कुठली शहाबादी हलते, कुठली पोकळ वाजते हे पाठ झाल्याशिवाय पायात घुंगरू नाही. आम्ही त्यांना चक्रम म्हणायचो, अर्थात पाठीमागं. त्यांना नाचताना कुणी पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी मेळ्यात नाचत होते म्हणे, बापानं भर बाजारात मारलं होतं म्हणे. सगळं म्हणेच.

कुणाच्या घरी ते जेवत नसत. शर्टाच्या खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा, तेवढ्यावर दिवस काढायचे. माझे बाबा एकदा नांदेडला आले तेव्हा त्यांनी सरांना हुरड्याला गावाकडं बोलावलं. सर म्हणाले, "ज्याच्या घरी जेवलो त्याच्यापुढं मला खोटं बोलता येत न्हाई. आन् मास्तराला कधीमधी खोटं बोलावं लागतं. पोरगी चांगली नाचती, असं बापाला सांगावं लागतं." बाबा मोठ्यानं हसले. मीही हसले, पण रात्रभर ते मला डाचत राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीला गावी जाताना त्यांचं एकच काम असायचं. "घरची चाल आणा." म्हणजे घरातल्या कुणाही एका माणसाचं चालणं बघून यायचं आणि वर्गात चालून दाखवायचं. कोण, काय, काही सांगायचं नाही. सर भिंतीला टेकून बघायचे आणि मग त्या माणसाबद्दल बोलायचे. देगलूरची पोरगी तिच्या आईसारखी चालली तर म्हणाले, "हिचं घर उताराला हाय. पाणी खालून भरती." खरं होतं. मी बाबांची चाल नेली होती. सरांनी दोनदा चालायला लावलं आणि म्हणाले, "ह्या माणसाला पोरगी नाचती म्हणायची लाज वाटती." मला तिथंच रडू आलं. बाबा लग्नाकार्यात "पोरगी एम.ए. करायली" एवढंच सांगायचे, कशात ते गिळून टाकायचे, आणि हे मी वर्गात कुणालाच बोलले नव्हते.

माझ्या रचनेसाठी मी आत्याला घेतलं. बाबांची मोठी बहीण, आमच्याकडंच असते. शुक्रवारी देवीच्या देवळात तिच्या अंगात येतं. बाया येतात, ओटी भरतात, विचारतात. पोरीचं लग्न कधी जमेल, बोअरला पाणी लागेल का. आत्या घुमते, हुंकारते, थरथरते आणि शेवटी दमून बसते. बोलत मात्र नाही. एक शब्द नाही. शेजारच्या गावातल्या बाईची देवी फडाफडा उत्तरं देते, तिच्याकडं जीपा भरून माणसं जातात. आमच्या आत्याची देवी मुकी, म्हणून ती काही फार चालली नाही.

पहिल्या तालमीला मी सगळा सरंजाम नेला होता. मळवट, लिंबू, मोकळे केस, संबळाचं रेकॉर्डिंग. सरांनी एकेक करून सगळं काढायला लावलं. "कुंकू पूस. केस बांध. ते वाजवणं बंद कर. तू देवी दाखवायलीस. मला बाई दाखव. दिवसभर शेंगा तोडून आलेली बाई, जिचं अंग आता तिचं ऐकत न्हाई." तीन महिने असेच गेले. मी घुमायला लागले की सर मधूनच बादली घेऊन जायचे, किल्ल्यांचा जुडगा फेकायचे, एकदा माझ्या पायाजवळ चहाचा कप ठेवून निघून गेले. मी थांबले की पहिल्यापासून. शेवटी शेवटी छत कोसळलं असतं तरी मी थांबले नसते. उरलं होतं ते फक्त माझं अंग, श्वास आणि घशातला हुंकार. आत्याचाच, हुबेहूब.

सादरीकरण एप्रिलात होतं. सातजण होतो, माझा नंबर पाचवा. गावाकडून जीप भरून माणसं आली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, आत्या, आळीतल्या चार बाया. त्यात सोजरकाकू.

सोजरकाकूंचं घर आमच्या घराला लागून. त्यांचा एकुलता एक मुलगा बालाजी पुण्याकडं कंपनीत कामाला गेला होता. दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. फोन बंद, खोलीवरची पोरं म्हणायची सामान घेऊन गेला, पोलिसांत कागद दिला होता तो तिथंच पडून. काका खाटेला खिळलेले. काकू दर शुक्रवारी आत्याला विचारायच्या, "माय, माझा बाल्या कवा येतोय?" आत्या थरथरायची आणि गप्प बसायची. मला लहानपणी न्हाऊ घालणारी, माझ्या नाचाचं गावात एकटीनं कौतुक करणारी बाई ती. मीच तिला म्हणाले होते, या काकू, मन रमेल जरा.

रचना सुरू होऊन बारा-तेरा मिनिटं झाली असतील. मी घुमत होते. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी उठल्याचं मला दिसलं. काकूंनी मंचाच्या पायरीशी चपला काढल्या. कार्यक्रम बंद पाडायला येणारं माणूस चपला काढत नाही, हे त्या क्षणीसुद्धा माझ्या लक्षात आलं होतं. त्या वर आल्या, कमरेच्या पिशवीतून करंडा काढला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "माय, माझा बाल्या कवा येतोय?"

 सर डाव्या बाजूच्या पडद्याआड उभे होते, हातात स्वतःच्या चपला. त्यांचा दुसरा हात वर गेला. थांब म्हणत होते की चालू ठेव, मला आजही माहीत नाही. माझं अंग तर घुमतच होतं. आणि माझ्या तोंडातून आलं, "येळवशीला येईल."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं थंडीत येते. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव शेतात जेवायला असतं आणि पुण्या-मुंबईला गेलेली माणसं त्या दिवसापुरती तरी परत येतात. त्यामुळं बाहेर असलेल्या कुणाचंही नाव निघालं की आमच्या गावात एकच बोलतात, येळवशीला येईल की. शंभरदा ऐकलेलं वाक्य. तोंडात बसलेलं होतं, ते बाहेर पडलं. मी हे स्वतःला किती वेळा समजावलं असेल, देव जाणे.

काकूंनी पुन्हा पायाला हात लावला, पदरानं डोळे पुसले आणि जाऊन बसल्या. मी रचना पूर्ण केली. टाळ्या थांबेनात.

व्हायव्हाला परीक्षक म्हणून पुण्याच्या बाई होत्या. फार खूश होत्या. म्हणाल्या, प्रेक्षकांतून पात्र आणण्याची कल्पना धाडसी आहे, त्या बाईंचा अभिनय तर अस्सल. मग विचारलं, "हे बसवलेलंच होतं ना?" सर दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मीच म्हणाले, "हो मॅडम, बसवलेलं होतं." मी त्या वर्षी पहिली आले.

बाहेर आल्यावर सरांनी माझं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, "शिरूर, त्या बाईचा पोरगा कुठाय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन काढून तळहातावर बालाजीचं नाव आणि त्याच्या कंपनीचं गाव लिहून घेतलं. मी विचारलं, "सर, तुम्ही हात वर केला होता ना?" ते म्हणाले, "तू काय समजलीस?" मी म्हणाले, "चालू ठेव." "मग तेच," म्हणाले आणि निघून गेले.

जीपजवळ काकूंनी माझा हात धरला. मी म्हणणार होते, काकू, तो नाच होता. खरंच म्हणणार होते. पण त्याच म्हणाल्या, "तुला काय आठवणार न्हाई माय. अंगात आलेल्याला आठवत नसतं." मी गप्प बसले. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत म्हणत होते, आमची पोरगी नाचात पहिली येणार बघा, आणि मला तो आनंद नासवायचा नव्हता. परतताना आत्या माझ्या शेजारी बसली होती. अर्ध्या वाटेवर ती हळूच म्हणाली, "माझ्या अंगात येतं तवा बी मी बोलत न्हाई. तुझ्या अंगात तर काहीच नव्हतं, आन् तू बोललीस."

सर त्या सुट्टीत पुण्याला गेल्याचं मला नंतर औशाच्या पोराकडून कळलं. बालाजीचं नाव विचारत कंपन्यांच्या गेटवर बारा दिवस हिंडले. कुणी सांगितलं होतं त्यांना? मी फोन केला तर म्हणाले, "काही कळलं न्हाई," आणि मग, "खांदा खाली ठेव, फोनवर बी वर हाय तुझा." मला हसू आलं नाही.

इकडं काकूंनी घराला चुना लावला. बालाजीसाठी शर्ट-पँटचं कापड आणलं. त्याची खाट रोज झटकून अंथरायला लागल्या. गावात कुणी काही म्हणालं की सांगायच्या, "आमच्या आळीच्या पोरीच्या अंगात आली होती, नांदेडात, हजार माणसांत. तिथं काय देवी खोटं बोलती?" हजार नव्हती, दोनशे असतील. मी गावी जाणंच कमी केलं. लातूरला क्लासची जागा बघते आहे, असं सांगायचे.

येळवशीला मात्र जावं लागलं. आमचं आणि काकूंचं रान एका बांधाचं. कडब्याची कोप उभी केली होती, आत चुन्याचे पाच दगड, पांडव म्हणून. आंबिलीचा माठ, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. सगळी माणसं हसत-जेवत होती आणि बांधापलीकडं काकू रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या. समोर एक वाढलेलं ताट, फडक्यानं झाकलेलं. स्वतः पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

दुपारी उशिरा रस्त्यावरून एक उंच माणूस उतरला. काकू उठून उभ्या राहिल्या. मग तो जवळ आला आणि त्या पुन्हा बसल्या. सर होते. चपला हातात घेऊन नांगरटीतून चालत आले आणि काकूंच्या समोर बसले. मी काय केलं? आमच्या कोपीच्या मागं जाऊन बसले. लपले, दुसरा शब्द नाही. तिथून मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. दिवस कलेपर्यंत दोघं तसेच बसून होते. कुणी आलं नाही. लोक शेताला फेरी मारायला कडब्याच्या चुडी पेटवू लागले तेव्हा सर काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले, मान खाली घालून, शेवटी तर पार जमिनीपर्यंत वाकून. काकू उठल्या. मला वाटलं, आता मारतात. पण त्यांनी ताटावरचं फडकं काढलं आणि ताट सरांपुढं सरकवलं. आणि सर जेवले. कुणाच्या घरचा घास न घेणारा तो माणूस थंडगार भज्जी आणि उंडे शेवटच्या घासापर्यंत जेवला आणि ताटात हात धुऊन आला तसा चालत गेला.

आठ दिवसांत काकूंनी बालाजीच्या फोटोला हार घातला. खाट मोडून आत टाकली, शर्टाचं कापड भाच्याला दिलं. गाव म्हणालं, सुटली बिचारी. मला तर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. सरांनी समजूत घातली असेल, असं मी धरून चालले. काय बोलले ते विचारलं नाही. विचारायचं नव्हतं मला, हे खरं.

त्यानंतर दरवर्षी येळवशीला सर नांदेडहून बसनं यायचे, काकूंच्या शेतात जेवायचे आणि जायचे. पहिलं धरून सात वर्षं. आमच्या कोपीत मी बोलावलं तरी आले नाहीत. एकदा मी त्यांना एसटी स्टँडवर गाठून विचारलं, "सर, दरसाल कशाला जाता?" म्हणाले, "भज्जी चांगली असती." मधल्या काळात त्यांच्या तासिका कमी झाल्या, मग बंद झाल्या. नवे लोक आले, आरशावरची चादर निघाली. सर खोलीवर एकटेच असायचे. मी लातूरला क्लास काढला, पोरींची गॅदरिंगची गाणी बसवायला लागले, भिंतीभर आरसे लावले. पालकांना आरसे लागतात. सरांना त्या क्लासवर मी कधी बोलावलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर वारले. ताप होता, अंगावर काढला. दवाखान्यातून औशाच्या पोराचा फोन आला. आम्ही जुने विद्यार्थी मिळून अकराजण होतो, नातेवाईक कुणी नाही. खोली आवरताना दाढीचा छोटा आरसा भिंतीकडं तोंड करून टांगलेला सापडला. मुखेडची पोरगी, आता दोन लेकरांची आई, तो आरसा हातात धरून ढसाढसा रडली. मला रडू आलं नाही. मला राग आला होता, त्यांचा की माझा ते कळेना.

या येळवशीला मी ठरवून बांध ओलांडला. काकू थकल्या आहेत आता. कोपीपुढं बसल्या होत्या, समोर वाढलेलं ताट होतं. मला बघून म्हणाल्या, "मास्तर न्हाई आले गं?"

"सर गेले, काकू. उन्हाळ्यातच."

त्यांनी ताटावरची माशी हाकलली. मग म्हणाल्या, "सात साल जेवले माझ्या बाल्याच्या ताटात. म्याच लावलं होतं जेवायला. म्हणलं, मास्तर, तुम्ही माझं वाटोळं केलं, आता दरसाल यायचं आन् हे ताट तुम्हीच संपवायचं. एक साल चुकले न्हाईत."

"तुमचं वाटोळं? सरांनी काय केलं, काकू?"

"त्यांनीच नव्हं का तुला शिकवलं. मास्तर म्हणले, बाई, ते म्या लिहून दिलं होतं. येळवशीला येईल म्हण, असं. पोरीचा काही दोष न्हाई, समदं बसवलेलं होतं, देवी-बिवी काही नव्हती. पायावर डोकं ठिवलं माझ्या त्या माणसानं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "लई शिव्या दिल्या म्या. पण त्या दिवशी कळलं की आपल्याला फशिवलं, आता पोरगं काही येत न्हाई. मग हार घातला."

 बसवलेलं होतं. माझंच वाक्य, व्हायव्हातलं. ते त्यांनी तिथून उचललं होतं आणि सात वर्षं वाहिलं होतं, त्या बाईच्या ताटात जेवून, तिच्या तोंडावर. आणि मी त्यांना आरशांच्या लाजेनं माझ्या क्लासवर चहाला बोलावलं नाही.

मेलेल्या माणसाच्या माथी माझं खोटं राहू द्यायचं नाही, एवढंच मला त्या वेळी दिसलं. खरं सांगते, मला बरंही वाटत होतं, आता एकदाचं बोलून मोकळी होणार म्हणून. मी म्हणाले, "काकू, सर खोटं बोलले तुमच्याशी. त्यांनी मला काही लिहून दिलं नव्हतं. शिव्या द्यायच्या तर मला द्या. ते माझ्याच तोंडातून आलं."

काकूंचा हात थांबला. "त्यांनी न्हाई शिकवलं?"

"न्हाई."

"दुसऱ्या कुणी?"

"कुणीच नाही, काकू."

"तुला तरी ठाव होतं का, तू काय बोलणार हायस?"

मी रडतच होते. म्हणाले, "न्हाई हो. मी विचारसुद्धा केला नव्हता. आपोआप आलं."

"आपोआप," काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, कपाळाकडं, जिथं त्यांनी तेव्हा कुंकू लावलं होतं. मला वाटलं, आता शिव्या येतील. त्या उठल्या, ते ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "तू जेव." मग माठाजवळून दुसरं ताट घेतलं, त्यात खीर, भज्जी, उंडे वाढले, वर फडकं टाकलं आणि रस्त्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. त्यांच्या पाठीचा बाक मला नीट दिसत होता. मी मास्तरीण असून मला त्या चालण्यातलं काही कळलं नाही. सरांना कळलं असतं.

पाचव्या दिवशी क्लास चालू असताना आत्याचा फोन आला. "सोजरनं फोटोचा हार काढून टाकला. खाट जोडून घेतली. आता घराला चुना लावायली, एवढ्या थंडीत. काय बोललीस गं तू तिला?"

"खरं तेच बोलले, आत्या."

आत्या मग म्हणाली, "तुला कुणी इचारलं होतं?"